गेटर

निघायच्या आदल्या रात्री बाबांनी माझ्या हातात एक छोटी वही ठेवली. तळहाताएवढी, लाल कापडी पुठ्ठ्याची, सूतवाले दिवाळीला देतात तसली. "वाटेत कुणाकडनं काय घेतलीस ते लिहून ठेव," म्हणाले, "परत करायला बरं." आणि मागावर जाऊन बसले.

आम्ही वडगावचे. बेळगावच्या या अंगाला वडगाव, खासबाग, शहापूर या पट्ट्यात घराघरात यंत्रमाग. झोपेतसुद्धा त्यांचा खडखडाट कानात असतो, आणि वीज गेली की त्या शांततेनं जाग येते. बाबांचे दोन माग. सूत आलं की वहीत, बीम आलं की वहीत, साडी उतरली की वहीत. उरलेल्या शंभर रुपयांसाठी त्यांना रात्रभर कुशी बदलताना मी पाहिलंय. शेजारून वाटीभर साखर आणली तर ती वाटी आमच्याकडून कधी रिकामी परत गेली नाही. घेतलेलं अंगावर ठेवायचं नाही, हे आमच्या घरात देवपूजेसारखं पाळलं जातं, आणि मीही ते तसंच पाळत आले.

पाच दिवसांचा बेत होता. बेळगावहून खानापूर, हलशी, नंदगड, कित्तूर, बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक आणि परत. तीनशे किलोमीटरच्या जरा आत. सायकलवरून, एकटीनंच. माघी पौर्णिमा होऊन चारेक दिवस झाले होते. उन्हाला अजून धार आली नव्हती. बेळगावच्या मराठी माणसाची मान पश्चिमेला आणि उत्तरेला वळलेली असते. लग्नकार्य कोल्हापूरला, नोकरी पुण्याला, समुद्र गोव्याला. आमचाच जिल्हा पूर्वेकडं केवढा पसरलाय, पण तो आम्हाला यल्लम्माच्या जत्रेपुरता माहीत. तेहतीस वर्षं ज्या जिल्ह्यात काढली तो एकदा चाकाखालून जाऊ दे, एवढीच इच्छा होती.

खानापूरपर्यंत रस्ता पायाखालचाच. लाल माती, कौलारू घरं आणि पुलाखाली मलप्रभा. कणकुंबीच्या डोंगरात उगवलेली ही नदी इथं अजून पोरसवदा आहे. तिला पुढं सौंदत्तीजवळ नवीलतीर्थच्या धरणात परत भेटायचं होतं, म्हणून पुलावर जरा वेळ थांबले. हलशीला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. कदंबांची पलाशिका ती हीच. भूवराह नरसिंहाच्या देवळात काळोख इतका गार होता की घाम अंगावरच वाळला. देवळाशेजारच्या घरातल्या आजींनी ओसरीवर झोपायला जागा दिली आणि सकाळी दोन तांबे ताक. वहीत पहिली नोंद झाली: हलशी, ओसरी एक रात्र, ताक. किंमतीच्या रकान्यात काय लिहायचं ते सुचेना, म्हणून तो रकाना कोरा ठेवला.

नंदगडला वडाचं झाड पाहिलं. संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी १८३१ साली इथं फाशी दिलं. त्या वडाला आज पाळणे बांधलेले असतात. लाकडाचे, वीतभर लांबीचे, मूल मागणाऱ्या बायकांनी बांधलेले. फाशीच्या जागी पाळणे. मी बराच वेळ ते वाऱ्यावर हलताना बघत बसले.

बिडी मागं टाकून चारपाच किलोमीटर गेले असेन, तेव्हा बंदूक उडावी तसा आवाज झाला आणि मागचं चाक घसरलं. पडले नाही. पंक्चर असतं तर काही नव्हतं, जोडायचं सगळं सामान जवळ होतं. पण टायरची बाजूची भिंतच फाटली होती, अंगठा आरपार जाईल एवढी. कशानं फाटली ते शेवटपर्यंत कळलं नाही. नवीन ट्यूब घातली असती तरी ती त्या भोकातून फुग्यासारखी बाहेर आली असती.

ज्यांनी गिअरची सायकल वापरलीय त्यांना पुढची अडचण ठाऊक असेल. माझ्या टायरवरही अठ्ठावीसचा आकडा, गावातल्या जुन्या काळ्या सायकलीच्या टायरवरही अठ्ठावीसच. पण रिमच्या मापात तेरा मिलिमीटरचा फरक. एकाचं टायर दुसऱ्याला बसत नाही. म्हणजे बेळगाव किंवा हुबळी गाठल्याशिवाय नवं टायर नाही.

सायकल ढकलत चालू लागले. मागून मोपेडवरून वैरणीचा भारा घेऊन एक जण आला, थांबला, टायर बघितलं. पुढच्या गावात सायकलवाला अज्जा आहे, असं कानडीत म्हणाला. माझ्या दोन्ही पिशव्या त्यानं मागितल्या: चालताना ओझं कशाला, मी पुढं नेऊन ठेवतो. मी दिल्या. आणि तो वळणाआड जाईपर्यंत त्याच्या गाडीचा नंबर मनात घोकत राहिले. त्या पिशव्यांत माझे कपडे, पैसे, औषधं, सगळं होतं. तीन किलोमीटर मी तो नंबर जपासारखा म्हणत चालले. गाव आलं. बाभळीखालच्या पत्र्याच्या दुकानापुढं बाकड्यावर माझ्या दोन्ही पिशव्या एकावर एक ठेवलेल्या होत्या. वैरणवाला निघून गेलेला. पाणी विचारायला, आभार ऐकायलाही थांबला नव्हता. तो नंबर मला अजून पाठ आहे, आणि आठवला की मान खाली जाते.

अज्जा सत्तरीचे असतील. अंगात बंडी, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे. माझी कानडी म्हणजे बाजारातली. भाजीचा भाव विचारता येतो, बसचं ठिकाण विचारता येतं. टायर फाटल्याचं दुःख त्या कानडीत मावेना. त्यांनी माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं आणि टायरकडं न बघता माझ्याकडं बघून विचारलं, "ऊट आतेन, तंगी?" जेवण झालं का, बाळ.

झालं नव्हतं. मी मान हलवली. त्यांनी आत हाक मारली.

मग त्यांनी जे केलं ते मी डोळ्यांत साठवून ठेवलंय. दुकानाच्या मागून जुनं, झिजून गुळगुळीत झालेलं टायर काढलं. त्याचा वीतभर तुकडा कापला, कडेच्या तारा सोडवून टाकल्या. राहिलेल्या पट्टीच्या चारी कडा रापीनं तासायला घेतल्या. एकेक पापुद्रा काढत, मधूनमधून बोट फिरवून बघत. कड जाड राहिली तर आतून ट्यूबला घासते आणि दहा किलोमीटरात पुन्हा पंक्चर. कागदासारखी पातळ झाल्यावरच त्यांनी रापी खाली ठेवली. यालाच गेटर म्हणतात. टायरच्या आत, फाटलेल्या जागेखाली तो बसवायचा, त्यावर ट्यूब. पण त्याआधी त्यांनी मेण लावलेला जाड दोरा घेतला आणि चपला शिवायच्या आरीनं टायरची ती फाटलेली भिंतच शिवून काढली. नऊ टाके. मी विणकराची पोर, मला टाका कळतो. प्रत्येक टाका मागच्या टाक्याच्या बरोबर शेजारी, ओढ सारखी, एकही दोरा दुसऱ्यावर चढलेला नाही. चष्मा नव्हता त्यांच्या डोळ्यांना.

तोवर सूनबाई ताट घेऊन आल्या. ज्वारीची रोट्टी, भरली वांगी, शेंगाची चटणी, दही. ताट माझ्यासमोर ठेवून स्वतः उंबऱ्यावर बसल्या आणि मी किती खाते ते बघत राहिल्या. तिसऱ्या रोट्टीला मी हात आडवा केला. तो त्यांनी बाजूला सारला आणि वाढलीच. आमच्या घरी आईही नेमकं हेच करते.

हवा भरून झाली. मी पैसे काढले. अज्जा म्हणाले, "रोक्क ब्याड." पैसे नकोत. मी पुन्हा पुढं केले. त्यांनी हात मागं घेतले, पाठीमागं धरले, लहान मूल धरतं तसे. मला खरोखर रडू आलं. मदत मिळाली म्हणून नव्हे. त्यांनी मला फेडू दिलं नाही म्हणून. आमच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सहन होत नाही. निघताना सूनबाईंनी कपाळाला कुंकू लावलं आणि चार कडक रोट्ट्या, चटणीची पुडी फडक्यात बांधून दिली. "होगि बा," म्हणाल्या. जाऊन ये. वहीत लिहिलं: गेटर एक, टाके नऊ, जेवण, रोट्ट्या चार. पैसे घेतले नाहीत.

सीमाप्रश्न हा आमच्या घरात जेवणाबरोबर वाढलेला विषय आहे. १९५६ ला राज्यं झाली आणि बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूरकडं गेलं. १९६७ ला महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. १ नोव्हेंबरला आजोबा काळी फीत लावायचे, बाबांनी लावली, मीही लावलीय. मला माझ्या भाषेची शाळा हवी, माझ्या भाषेत सरकारी कागद हवा, आणि यात मी कधीच मागं हटणार नाही. "ऊट आतेन?" ऐकल्यावर माझ्या घशात जे दाटलं, तेही तितकंच खरं आहे. या दोन गोष्टी एकमेकींना कशा लागतात ते मला माहीत नाही. पण दोन्ही माझ्यात आहेत, आणि कुणी एक सोड म्हटलं तर मला सोडता येणार नाही.

कित्तूर गाठलं तेव्हा संध्याकाळ झाली होती. राणी चन्नम्मांच्या वाड्याचे उरलेसुरले चौथरे पिवळ्या उन्हात होते. १८२४ मध्ये इथं कंपनीची फौज हरली आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. राणीची समाधी बैलहोंगलला, दुसऱ्या दिवशी तिथं डोकं टेकवलं. बैलहोंगलकडं जाताना जमीन रंग बदलते. लाल माती संपते, काळं रान सुरू होतं. दोन्ही बाजूंनी शाळू, कणसं भरून वाकलेली. सौंदत्तीचा चढ अंगावर आला, पण जत्रेतल्या उशिराच्या गाड्या अजून येत होत्या आणि प्रत्येक गाडीतून "उदं गं आई, उदं" ऐकू यायचं, त्यानं पाय हलत राहिले. डोंगरावर कोल्हापूरकडच्या बायकांनी भंडाऱ्यानं कपाळ पिवळं करून हातावर पुरणपोळी ठेवली. खाली धरणात मलप्रभा समुद्रासारखी पसरलेली. खानापुरातली ती पोर ओळखू येईना.

आता चौथ्या दिवसाबद्दल. सौंदत्तीहून उशिरा निघाले, वारा सगळा समोरून. संध्याकाळी एका गावात लॉजवर गेले. गल्ल्यावरच्या माणसानं आधार कार्ड बघितलं, सायकल बघितली, माझ्यामागं कुणी येतंय का ते बघितलं आणि म्हणाला, एकट्या बाईला खोली देत नाही. दुसऱ्या लॉजवरही तेच. वाद घातला, उपयोग झाला नाही. रागाच्या भरात मी एक चूक केली. पुढं जाऊ म्हणून तशीच निघाले. गोकाकला पोचू असं वाटलं.

अर्ध्या तासात अंधार. पौर्णिमेनंतरचा आठवडा, चंद्र मध्यरात्रीशिवाय उगवायचा नाही. उसाचा हंगाम. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर, मागं दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. एक ट्रेलर इतक्या जवळून गेला की उसाची पाती माझ्या खांद्याला घासून गेली. मी रस्त्याखाली उतरले. सायकलच्या दिव्याची बॅटरी मरत आलेली. भीती म्हणजे काय ते तेव्हा कळलं. ओरडावंसं वाटतं आणि ओरडून कोण येईल याचीच भीती वाटते.

शेताच्या कडेला चुली पेटलेल्या दिसल्या. पाचटाच्या कोप्या, दहाबारा. बैल, गाड्या, रडणारं एक तान्हं. आणि मग एका बाईचा आवाज, चक्क मराठीत: "कोण हाय गं? येवढ्या रातच्याला कुठं चालली?"

बीडकडची ऊसतोड टोळी होती. सहा महिने इथं, सहा महिने गावाकडं. त्या बाईनं माझी सायकल स्वतः धरून कोपीपर्यंत आणली. काही विचारलं नाही, आधी हात धुवायला पाणी दिलं. बाजरीची भाकर थापताना मग सगळं विचारलं. नवरा कुठंय, लेकरं किती, आई जिवंत आहे का. भाकर आणि ठेचा. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं तशी हसली आणि गुळाचा खडा हातावर ठेवला. कोपीत तिनं मला आतल्या बाजूला झोपायला जागा केली आणि स्वतः दाराशी आडवी झाली. नवरा बाहेर गाडीखाली झोपला. मला ते सगळं न बोलता कळलं.

झोपण्याआधी तिनं विचारलं, "ताई, शिकलेली हायस ना?" मी शाळेत शिकवते म्हटल्यावर उशाखालून एक डायरी काढली. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घ्यायची आणि मग टनाटनानं ती फेडायची. किती गाड्या भरल्या, किती टन झाले, ते मुकादम डायरीत मांडतो. तिला वाचता येत नव्हतं, नवऱ्यालाही. वाचणारी लेक गावाकडं आजीजवळ, शाळेसाठी ठेवलेली. पण ती अडाणी नव्हती. कोपीच्या मेढीवर तिनं कोळशानं रेघा ओढल्या होत्या, एका गाडीला एक रेघ, पाच झाल्या की आडवी. मोबाईलच्या उजेडात मी डायरी वाचत गेले आणि ती मेढीवर बोट सरकवत गेली. दोनदा मोजलं. डायरीत तीन गाड्या कमी भरत होत्या.

"मला ठावंच हुतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, सुटका होती. "फकस्त वाचून दाखवणारं कुणी पायजे हुतं." तिच्या सांगण्यावरून मी डायरीच्या शेवटच्या पानावर तिची बेरीज मोठ्या आकड्यांत लिहून दिली. ती कुणाला दाखवणार होती, त्याचं पुढं काय झालं, मला कळलेलं नाही. ते मनाला लागून राहिलंय.

पहाटे तीनला जाग आली तेव्हा ती कोयता घेऊन फडात निघाली होती. चंद्र वर आलेला. मी पैसे पुढं केले. बाबांसारख्याच माणसाला देतोय असं वाटलं, म्हणजे जो उधारीत बुडालाय आणि म्हणूनच फुकट काही घेणार नाही. तिनं माझी मूठ बंद केली. "भाकरीचं पैसं घेत्यात व्हय?" म्हणाली आणि उसात शिरली. थंडीत पाती कापल्याचा सपासप आवाज येत राहिला. उजाडेपर्यंत मी त्या चुलीशी बसून होते.

गोकाकच्या धबधब्याला त्या दिवसांत पाणी बेताचंच. झुलत्या पुलावर उभी राहिले, पण मन मागंच होतं. दुपार कलता कलता वडगावात शिरले. गेटर तसाच, एकही टाका सुटलेला नाही.

रात्री बाबांनी वही मागितली. मी वाचून दाखवली. ओसरी, ताक, पुरणपोळी, भाकर, ठेचा, गूळ. त्यांनी मध्येच थांबवलं. "टायर शिवलं? दोऱ्यानं?" उठून सायकलीजवळ गेले. गुडघ्यावर बसून टायर हळूहळू फिरवत ते नऊ टाके शोधून काढले आणि त्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ. "माणूस कसबी आहे," एवढंच म्हणाले.

दोन रविवारांनंतर त्यांनी कपाटातून स्वतः विणलेली एक साडी काढली. हिरवी, लाल काठाची. "त्या सूनबाईंना देऊन येतो. हिशोब मिटला पाहिजे." मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. सकाळच्या कित्तूर बसनं गेले. बाबांना कानडी माझ्यापेक्षाही कमी येतं. दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

रात्री आठला परतले. हातात फडक्याचं गाठोडं. ते त्यांनी देवापुढं ठेवलं, हातपाय धुतले, मग सोडलं. नारळ, तांदूळ, केळी, हळकुंडं आणि खण. माझ्यासाठी ओटी पाठवली होती. खण गुळेदगुड्डचा. बाबांनी तो उचलला, दिव्याखाली नेला, उलटा करून बघितला, नखानं दोरे मोजले. "हातमागाचा आहे," म्हणाले. "असलं आता कोण विणतं."

"साडी घेतली त्यांनी?" मी विचारलं.

"घेतली. मग जेवू घातलं. मग हे दिलं." खणाची घडी त्यांनी होती तशीच घातली, काठाला काठ जुळवून. "तो अज्जा म्हणतोय, त्याच्या नातवाला माग बघायचाय. मी म्हटलं ये. आला तर आला, नाहीतर पुढच्या महिन्यात मलाच परत जायला लागतंय."

आईनं ताट वाढलं होतं. बाबा म्हणाले, भूक नाही, तीन रोट्ट्या झाल्यात.